डावा बैल कुठे गेला?

खानापूर तालुक्यातले एक मामा. वय साठीच्या पुढचं, जन्म भातशेतीत गेलेला. एके सकाळी गोठ्यातच कोसळले. माझ्याकडे आले तेव्हा फाईलमध्ये इंग्रजीत दोनच ओळी होत्या: मेंदूच्या उजव्या भागाचा रक्तपुरवठा तुटल्याने झटका, डाव्या अंगात कमजोरी.

मी बेळगावात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. आजारानंतर जेवण, आंघोळ, कपडे, स्वयंपाक, शेत अशी रोजची कामं माणसाला पुन्हा करता यावीत, यासाठी आम्ही झटतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकरांनी 1950 साली या विषयाची शाळा सुरू केली, तरी अजून पुष्कळांना हे नाव नवं वाटतं. त्या दोन ओळींच्या भरवशावर मी आठवडाभर मामांच्या डाव्या हाताला खुंट्या उचलायला लावत राहिले. हातात ताकद येत होती. पण मामा तो हात वापरतच नव्हते.

खरं काय ते मामींनी सांगितलं. "डॉक्टरबाई, ह्येनी अर्ध्याच ताटातलं जेवालेत. डावीकडचा भात तसाच राहतोय, आणि भात वाढला नाहीस म्हणून मलाच ओरडतेत."

मामांचे डोळे चांगले होते. बिघाड लक्ष देण्यात होता. मेंदूचा डावा अर्धा भाग मुख्यतः उजव्या बाजूकडे लक्ष ठेवतो आणि उजवा अर्धा भाग दोन्ही बाजूंकडे. त्यामुळे डाव्या मेंदूला इजा झाली तरी उजवा बराचसा सांभाळून घेतो. उजव्यालाच मार बसला, तर डावीकडे लक्ष द्यायला कुणी उरत नाही. ताटाची, अंगाची, खोलीची डावी बाजू त्या माणसाच्या लेखी नसतेच. मामांना विचारलं तर ते म्हणत, "मला काय झालंय? काय नाही." ते खोटं बोलत नव्हते. आपल्यात काही कमी आहे हे कळण्याची सोयच अशा इजेत अनेकदा जाते. म्हणून रोग्याची गोष्ट ऐकायची, तशी त्याच्या घरच्यांचीही ऐकायचीच.

मग मी मामांना बैलांविषयी विचारलं. कोसळले तेव्हा ते बैलांना वैरण टाकत होते, एवढं मामींकडून कळलं होतं. म्हटलं, "मामा, औताच्या मागे उभे आहात असं समजा. जोडी कशी दिसते सांगा बघू." मामा खुलले. पाखऱ्याची शिंगं, कपाळावरचा पांढरा टिळा, बांधाजवळ आला की आपसूक थांबायची त्याची सवय, सगळं सांगितलं. पाखऱ्या उजवीकडे जुंपायचा बैल. "आणि दुसरा?" "हाय की दुसरा," म्हणाले, आणि पुन्हा पाखऱ्यावरच आले. दोन दिवसांनी मी प्रश्न फिरवला. "आता जोडीच्या पुढे उभे राहा, बैलांच्या तोंडाकडे बघत." या वेळी हरण्या आला. त्याचं मोडलेलं शिंग, ओढ्याच्या पाण्याला बुजणं, मामींच्या हातचा कोंडा तेवढा खाणं. पाखऱ्याबद्दल मात्र अवाक्षर नाही.

मी घरी आले ती अंगावर काटा घेऊनच, कारण असला प्रयोग मी पुस्तकात वाचला होता. 1978 साली एदोआर्दो बिझियाक आणि क्लाउदिओ लुत्झात्ती या दोन इटालियन संशोधकांनी मिलान शहरातल्या दोन रोग्यांना कॅथीड्रलसमोरचा चौक मनात आणून वर्णन करायला सांगितलं होतं. चौकाच्या एका टोकाला उभं राहून त्यांनी फक्त उजव्या हाताच्या इमारती सांगितल्या. समोरच्या टोकाला उभं राहिल्याची कल्पना करायला सांगितल्यावर, मघाशी गाळलेल्या इमारती सांगितल्या आणि मघाच्या गाळल्या. म्हणजे आठवण शाबूत होती. मनातल्या चित्राच्याही डाव्या अर्ध्याकडे लक्ष जात नव्हतं. परीक्षेपुरतं पाठ केलेलं हे मला खऱ्या अर्थानं मामांच्या गोठ्यात समजलं.

त्यानंतर आमचे उपचार बदलले. "डावीकडे बघा" असं कितीही सांगितलं तरी मामांची मान वळत नसे. जी बाजूच नाही तिकडे बघायचं कसं? "हरण्या कुठाय?" विचारलं की मान वळायची. मामी डावीकडे बसू लागल्या, ताटाच्या डाव्या कडेला लाल फीत आली, आणि जेवणाआधी बोटानं ती फीत शोधायची असं ठरलं. मामा पूर्ण बरे झाले असं मी म्हणणार नाही. ताप आला, दमले, की डावीकडचा भात अजूनही राहतो.

अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञ चेरिल मॅटिंग्ली यांनी आमच्या पेशातल्या लोकांचं बोलणं बारकाईनं ऐकलं, तेव्हा त्यांना दोन तऱ्हा आढळल्या. एक फाईलची भाषा: निदान, ताकद, कोन. दुसरी गोष्टीची: हा माणूस कोण होता, काय करायचा, आता त्याचं काय अडलंय. उपचाराची दिशा पुष्कळदा दुसऱ्या बोलण्यातून ठरते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी हे सांगते, पण फाईल बाजूला ठेवा असं कधी सांगत नाही. मेंदूत कुठे इजा झालीय हे ठाऊक नसतं, तर बैलांविषयी विचारायचं मला सुचलंच नसतं.

आपल्या सीमाभागात या गोष्टी ऐकण्याला आणखी एक पदर आहे. फाईल इंग्रजीत, वॉर्डातलं बोलणं कन्नडमध्ये, आणि दुखणं मराठीत. हाताला मुंग्या येतात, हात बधिर झालाय, जड पडलाय, हात माझा नव्हेच: ही चार वेगवेगळी दुखणी आहेत, आणि फाईलवर चारींचं मिळून एकच 'नंब' होतं. कन्नड माणूस बधिर झालेल्या अंगाला 'मरगट्टू' म्हणतो, म्हणजे लाकूड होणं. मुंग्या म्हणणाऱ्याच्या नसा चुकीचे का होईना, निरोप पाठवत असतात. लाकूड म्हणणाऱ्याकडे बहुधा निरोपच पोचत नाहीत. लाकूड म्हणणाऱ्याला चुलीपाशी, गरम तव्यापाशी जास्त जपायला हवं.

शब्दांचा परिणाम उपचारावरही होतो. लकव्याला आपण 'अंगावरून वारं गेलं' म्हणतो, कन्नडमध्ये 'पार्श्ववायू'. दोन्हीकडे वाराच. वारं म्हटलं की घरची माणसं दारं-खिडक्या लावतात, तेल चोळतात, कुठे कबुतराचं रक्तही चोळतात. बहुतेक झटक्यांत मेंदूची रक्तवाहिनी गुठळीनं तुंबलेली असते, आणि गुठळी विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं. तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं, की तेलाची बाटली न शोधता गाडी शोधायची. खानापूरच्या जंगलपट्टीतून निघायचं तर एकेक मिनिट मोलाचं.

कधीकधी एका वाक्यातच निदानाची वाट सापडते. एक शिक्षक सांगत होते, "एरवी नीट चालतो, पण तोंडाला साबण लावला की झोक जातो." साबण लावला की डोळे मिटतात. पाय कुठे आहेत हे मेंदूला पायांकडून कळत नसेल, तर तो डोळ्यांवर विसंबून उभा असतो. डोळे मिटले की तो आधारही जातो. बी-12 जीवनसत्त्वाच्या कमतरतेत किंवा मधुमेहात असं होऊ शकतं. इयान वॉटरमन या ब्रिटिश माणसाची मानेखालची ही जाणीव 1971 साली, वयाच्या 19व्या वर्षी, एका आजारानंतर गेली. स्नायूंत ताकद होती, पण नजर लावल्याशिवाय एकही हालचाल जमेना. पुढे तो प्रत्येक पाऊल बघून टाकत चालायला शिकला. दिवा गेला की मात्र कोसळायचा. शिक्षकांच्या घरी आम्ही न्हाणीत धरायला दांडी आणि बसायला स्टूल ठेवलं, आणि त्यांना न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं.

कंपवाताची ओळखच मुळी अशा पाहण्या-ऐकण्यातून झाली. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी 1817 साली त्याचं वर्णन केलं ते फक्त सहा माणसांवरून, आणि त्यांतली काही तर त्यांनी रस्त्यात पाहिलेली. बेळगावच्या शिवारातले एक शेतकरी काका माझ्याकडे आले ते हात थरथरतो म्हणून. बोलता बोलता काकू म्हणाल्या, "चार-पाच वर्षं झाली, बासमती शिजत असला तरी ह्येना वास म्हणून येत नाही." बेळगावी बासमती चुलीवर असला की शेजारच्या घरात कळतं. हात थरथरण्याच्या कितीतरी वर्षं आधी वास जाणं, ही या आजाराची चाहूल असू शकते. घरी सगळ्यांनी ते सर्दीवर ढकललं होतं. अर्थात वास गेलेल्या प्रत्येकाला कंपवात होतो असं मुळीच नाही.

त्याच काकांची दुसरी तक्रार ऐकून सुनेला वाटायचं ते सोंग करतात. घरात उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटायचे, आणि कापणी झालेल्या भाताच्या रानातून मात्र तरातरा चालायचे. सोंग नव्हतं. सवयीची चाल आतून आपोआप चालवणारं मेंदूतलं केंद्र, बेसल गँग्लिया, या आजारात डोपामिन या मेंदूतल्या रसायनाअभावी क्षीण होतं. पण समोर ओलांडायला काही दिसलं, तर पाऊल टाकायला मेंदू दुसरी, नजरेची वाट वापरू शकतो. रानात धसकटांच्या ओळी होत्या, घरात गुळगुळीत फरशी. आम्ही उंबऱ्याच्या अलीकडे-पलीकडे, एकेका पावलाच्या अंतरावर, पांढऱ्या रंगाच्या आडव्या पट्ट्या मारल्या. रंग सुनेनंच मारला.

निपाणीच्या एका मावशींची हकिकत अजून चालू आहे. चाळीसेक वर्षं त्यांनी विड्या वळल्या. आता विसरण्याचा आजार आहे. मुलीचं नाव कधी आठवतं, कधी नाही. दुपारी चार वाजले की दाराकडे धावायच्या. मुलगी म्हणाली, "बसल्या बसल्या बोटं सारखी काहीतरी वळत असतात." मला हेन्री मोलेसन आठवला. अपस्मारासाठी 1953 साली झालेल्या शस्त्रक्रियेत त्याच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी साठवायला लागणारा भाग, दोन्ही बाजूंनी बराचसा काढला गेला, आणि नव्या आठवणी साठणंच बंद झालं. पुढे ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. आदल्या दिवशी हे केल्याचं त्याला आठवत नसे, तरी रोज हात सुधारत गेला. हाताचं शिकणं मेंदूत दुसरीकडे साठतं, आणि मावशींच्या आजारात ते बरंच उशिरापर्यंत टिकतं.

तंबाखू घरात नको होती. मुलगी जुन्या सुती साडीचे, विडीच्या पानाएवढे तुकडे कापते, थोडा भुसा आणि दोरा देते. मावशी मांडीवर सूप घेऊन बसतात. पहिल्या दिवशी मुलीनं एक सुरळी वळायचा प्रयत्न केला, तर मावशींनी ती उलगडून तिच्या हातावर चापट मारली आणि नीट वळून दाखवली. चार ते सहा त्या आता दाराकडे जात नाहीत. तिन्हीसांजेला मात्र कधीकधी माल द्यायला कारखान्याला निघतात. तेव्हा मुलगी सूप उचलते, त्यांच्याबरोबर गल्लीच्या टोकापर्यंत जाते, आणि दोघी परत येतात.