लिस्ट लागनी का रे भो?

आमच्या भुसावळकडे जून-जुलैत कोणी भेटलं की केळीचा भाव नंतर, आधी विचारतात, "लिस्ट लागनी का रे भो?" म्हणजे कॉलेज ॲडमिशनची यादी लागली का रे भाऊ. पोरगा निवांत रील बघत पडलेला असतो आणि बाप रात्री दोनला उठून साइट रिफ्रेश करतोय. मी पण त्यातलाच.

गंमत बघा, सीट गेली हे पक्कं कळलं की माणूस दोन दिवस चिडचिड करतो न मग दुसरी सोय बघायला लागतो, पण लटकलेलं असलं की झोपच उडते. 2016 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 45 जणांना कॉम्प्युटरवर एक खेळ दिला. दगडाखाली साप आहे का ते ओळखायचं आणि साप निघाला की हाताला सणसणीत शॉक. किती घाम येतो, डोळ्याची बाहुली किती मोठी होते हे पण मोजलं. शॉक नक्की बसणार हे माहीत असताना लोक त्यामानाने शांत होते, सगळ्यात जास्त टेन्शन कधी तर चान्स 50-50 असताना!

आता आपले कॅप राऊंड, म्हणजे ॲडमिशनच्या एकत्रित फेऱ्या, आठवा. पहिल्यात मिळालेलं कॉलेज फ्रीझ म्हणजे पक्कं करायचं की बेटरमेंटला, म्हणजे याहून चांगलं मिळेल म्हणून, थांबायचं, म्हणजे दर राऊंडला तोच दगड परत उचलायचा. त्यात पर्सेंटाइलला लोक टक्के समजतात. 98 पर्सेंटाइल म्हणजे 98 टक्के मार्क नाही, एक लाख पोरं बसली असतील तर साधारण दोन हजार तुमच्या पुढे आहेत, हे कळलं की पेढे वाटलेला बाप एकदम गप्प होतो.

आत शरीरात काय होतं तर मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला कळवतो, ती किडनीवरच्या ॲड्रिनल ग्रंथींना, आणि त्या कॉर्टिसॉल सोडतात. वाघ दिसला तर हे कामाचं, पण इथे वाघ महिनाभर अंगणातच बसलेला.

आणि हे पोरांपर्यंत पोचतं हो. अमेरिकेत 2015 साली पहिली-दुसरीच्या पोरांवर अभ्यास झाला, ज्या आईबापांना गणिताची धास्ती होती आणि तरी ते सारखे पोरांसोबत होमवर्कला बसायचे त्यांची पोरं गणितात मागे पडली, जे फारसे बसत नव्हते त्यांची नाही. ॲडमिशन वेगळी गोष्ट आहे, पण मला ते वाचून जरा लागलंच.

तिसऱ्या राऊंडला बायकोने माझा फोन कपाटात ठेवला. लिस्ट लागल्याचं शेजारच्या काकूंनी सांगितलं, मी तेव्हा शेवभाजी खात होतो.