चालकाचा भत्ता आणि गाडीची वाटखर्ची

चाकण, रांजणगाव किंवा भोसरीच्या कारखान्यातून माल भरून गाडी बंगळूरकडे निघते, तेव्हा मालक चालकाच्या हाती किंवा अलीकडे त्याच्या मोबाईलवर एक रक्कम देतो आणि वहीत ‘ड्रायव्हरला दिले’ एवढीच नोंद करतो. या एका नोंदीत बहुधा दोन निराळ्या रकमा असतात: चालकाचा भत्ता आणि गाडीची वाटखर्ची. दोन-चार गाड्या बाळगून पगारी चालक ठेवणाऱ्या मालकांचे चालकांशी जे खटके उडतात, त्यांतले पुष्कळसे या दोन रकमांची सरमिसळ झाल्यामुळे उडतात, असे माझे मत आहे.

भत्ता हा चालकाला घराबाहेर राहावे लागते म्हणून द्यायचा असतो. जेवण, चहा, ढाब्यावरची आंघोळ हे त्यातून भागते. कोणी तो दिवसावर ठरवतात, कोणी किलोमीटरवर, तर कोणी फेरीवर. पण एकदा दिला की तो चालकाचा. त्याने घरून भाकरी बांधून नेली आणि पैसे वाचवले तरी त्याचा हिशेब मागण्याचा मालकाला अधिकार नाही. वाटखर्चीचे तसे नाही. ती मालकाचीच रक्कम असून चालकाकडे केवळ विश्वासाने ठेवलेली असते. तिच्यातून झालेला खर्च त्याने दाखवायचा, उरलेली रक्कम परत करायची आणि कमी पडली तर मालकाने भरून द्यायची. एखादी रक्कम यांपैकी कोणती, अशी शंका आली तर ती उरल्यास कोणाची होईल आणि कमी पडल्यास कोण भरेल, एवढे विचारले की पुरते.

पूर्वी वाटखर्चीत डिझेल आणि टोल हे मोठे आकडे असत. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाल्यावर टोल मालकाच्या खात्यातून परस्पर वळता होऊ लागला आणि तेलकंपन्यांच्या कार्डांमुळे डिझेलचे पैसेही चालकाच्या हातून जाईनासे झाले. आता उरतात ते वजनकाटा, हमाली, पार्किंग, पंक्चर, ग्रीस, ताडपत्री-दोरी, बीएस-सहा (नव्या प्रदूषण-मानकाच्या) गाडीत धूर स्वच्छ करण्यासाठी लागणारा युरिया, आणि ज्यांची पावती कोणीच देत नाही असे रस्त्यावरचे ‘वरखर्च’. या शेवटच्या बाबीमुळे वाटखर्चीचा हिशेब कधीही पूर्णपणे कागदावर येत नाही, हे मान्य करूनच तो लिहावा लागतो.

समजा, चाकणहून बंगळूरला जाऊन यायला पाच दिवस धरले, रोजचा भत्ता ५०० रुपये ठरला आणि वाटखर्ची ६,००० दिली, म्हणजे चालकाकडे एकूण ८,५०० रुपये गेले. तिकडे कारखान्याने माल उतरवायला दोन दिवस लावले. त्या दोन दिवसांचा १,००० रुपये भत्ता वाढला. वाटखर्ची मात्र जवळजवळ तेवढीच राहिली, कारण उभ्या गाडीला ना काटा लागतो ना हमाली. दोन्ही रकमा वेगळ्या लिहिलेल्या असतील तर मालक हजार रुपये वाढवून देतो आणि ट्रान्सपोर्टवाल्याकडे गाडी अडकल्याबद्दल हॉल्टिंग मागतो. ते हॉल्टिंग महिन्याने मिळो वा बुडो, चालकाचा भत्ता त्यावर अवलंबून नसतो. तो सातही दिवस घराबाहेर होता. एकच ठोक रक्कम दिलेली असेल तर चालक त्या दोन दिवसांचे जेवण वाटखर्चीतून भागवतो आणि परत आल्यावर ती तूट न झालेल्या पंक्चरच्या नावाने दाखवतो. मालकाला तो खोटारडा वाटतो. वास्तविक त्याने स्वतःचेच पैसे खोट्या नावाने घेतलेले असतात, आणि खऱ्या नावाने मागण्याची सोय त्याला ठेवलेलीच नसते.

याही पुढे जाऊन काही मालक डिझेलसकट सगळी ठोक रक्कम चालकाला देतात: ‘इतके घे, गाडी नेऊन आण, उरेल ते तुझे.’ म्हणजे वाटखर्चीलाच भत्ता करून टाकतात. वही ठेवावी लागत नाही म्हणून हे सोयीचे वाटते, पण मला ते घातक वाटते. कात्रजचा नवा बोगदा ओलांडून पुण्याकडे येताना नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. वाचलेले डिझेल आपल्या खिशात येणार असेल तर त्या उतारावर गाडी न्यूट्रल करण्याचा किंवा इंजिनच बंद करण्याचा मोह वाढतो. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा रोध मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर येऊन लायनर तापतात आणि त्यांची पकड कमी होते. इंजिन बंद असेल तर ब्रेकसाठी टाकीत हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो, म्हणून वारंवार ब्रेक दाबल्यावर टाकीतील हवेचा दाब पुन्हा भरून निघत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये याच उतारावर एका ट्रकने कित्येक वाहनांना धडक दिली, तेव्हा डिझेल वाचवण्याच्या या सवयीची बरीच चर्चा झाली होती. डिझेलवर लक्ष ठेवायचेच असेल तर टाकी भरून निघावे, परतल्यावर पुन्हा भरावी आणि दर फेरीचे ॲव्हरेज पाहावे. ॲव्हरेज चांगले आले तर बक्षीस जरूर द्यावे, पण ते माफक असावे.

आता भत्ता आणि पगार यांच्याकडे वळतो, कारण इथे नुकसान चालकाच्या घराचे होते. कामावर असताना चालकाचा अपघाती मृत्यू झाला तर १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याप्रमाणे मासिक वेतनाची निम्मी रक्कम वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणून भरपाई काढत असत. हीच पद्धत नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. या हिशेबासाठी वेतनाची कमाल मर्यादा २०२० च्या अधिसूचनेने १५,००० रुपये केली. चालक ३५ वर्षांचा असेल तर गुणक १९७.०६ येतो. पगार १५,००० असल्यास भरपाई १४,७७,९५० रुपये होते. १०,००० असल्यास ९,८५,३००.

प्रवासभत्ता आणि कामाच्या स्वरूपामुळे करावा लागणारा विशेष खर्च हे दोन्ही वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले आहेत. म्हणजे वाटखर्ची वेतनात धरली जाण्याचा प्रश्नच नाही, आणि भत्ता वेतनात धरण्यावर भरपाई देणारी विमा कंपनी हरकत घेणार हे गृहीत धरावे. वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या तर वरचा भाग वेतनात धरायचा, अशी तरतूद संहितेत आहे. परंतु १०,००० पगार आणि १२,००० भत्ता अशी विभागणी असेल तर त्या तरतुदीने वेतनात जेमतेम हजार रुपयांची भर पडते. हातात तेवढेच पैसे पडतात म्हणून चालक कुरकुर करत नाही आणि म्हणूनच ही विभागणी सर्रास चालते. माझ्या मते भत्ता हा बाहेरच्या खाण्यापिण्याच्या खऱ्या खर्चाएवढाच असावा आणि बाकी सगळे पगारात दाखवावे. ओघाने आले म्हणून सांगतो, गाडीच्या विमा पॉलिसीत पगारी चालकाबाबतच्या मालकाच्या जबाबदारीचा हप्ता भरला आहे की नाही, हेही तपासून घ्यावे. ‘मालक-चालक’ म्हणून असलेले अपघात कवच मालकासाठी असते, पगारी चालकासाठी नव्हे.

उचल ही या दोन्हींहून वेगळी, पगारातून फिटणारी रक्कम. ती फेरीच्या पैशांबरोबर कधीच देऊ नये, एवढेच तिच्याबद्दल पुरे.

दहा किंवा त्यांहून कमी गाड्या असलेल्या मालकाला आयकरात ठरावीक दराने उत्पन्न दाखवण्याची सवलत आहे आणि ती घेतल्यास हिशेबाची पुस्तके ठेवण्याची सक्ती नाही. त्यामुळे ‘मग ही वही हवी कशाला’ असे निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत हमखास ऐकू येते. पण कर भरण्यासाठी नसली तरी चालकाशी हिशेब करण्यासाठी ती लागतेच. ती अगदी साधी असावी. दर फेरीला एक पान, पानावर मध्ये उभी रेघ. डावीकडे भत्ता, तिथे फक्त दिवस आणि दर. उजवीकडे वाटखर्ची, तिथे बाबवार रकमा. मोबाईलवर पैसे पाठवतानाही दोन रकमा दोन वेळा पाठवाव्यात आणि प्रत्येकीसोबत गाडीचा क्रमांक व कारण लिहावे. चालक मध्येच आजारी पडून हुबळीला बदली चालक चढवावा लागला तर पहिल्याचा भत्ता त्या दिवसापर्यंत मोजून तिथेच चुकता करावा आणि शिल्लक वाटखर्ची मात्र दोघांना फोनवर घेऊन, रक्कम मोठ्याने वाचून, दुसऱ्याच्या नावावर चढवावी.