लिम्फोमाच्या केमोची सायकल: मोजणीमागचा इतिहास

ठाण्याहून पनवेल लोकलने खारघरला उतरून टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’ या कर्करोग केंद्रात जाणाऱ्या लिम्फोमाच्या (लसिका ग्रंथींच्या कर्करोगाच्या) रुग्णांच्या बोलण्यात दोन प्रश्न हमखास येतात: ‘काउंट (रक्तातील पेशींची मोजणी) आले का?’ आणि ‘एकूण किती सायकली (केमोच्या औषधांच्या फेऱ्या)?’ पहिल्याचे उत्तर रक्ताच्या रिपोर्टवर त्याच दिवशी मिळते. दुसऱ्याचे उत्तर मात्र गेल्या ऐंशी वर्षांत अनेकदा बदलले आहे.

१९४२ मध्ये अमेरिकेतील येल येथे लिम्फोमाच्या एका रुग्णाला नायट्रोजन मस्टर्ड हे युद्धातील विषारी वायूच्या संशोधनातून आलेले रसायन देण्यात आले, तेव्हा मानेच्या गाठी काही दिवसांतच विरघळल्या. पण त्या परत आल्या, आणि औषध पुन्हा दिल्यावर परिणाम आधीपेक्षा कमी दिसला. युद्धकाळातील गुप्ततेमुळे हे निष्कर्ष १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले. एका औषधाची एक फेरी पुरत नाही, हे तेथेच उघड झाले होते. त्यामागचे कारण १९६० च्या दशकात हॉवर्ड स्किपर यांच्या उंदरांवरील प्रयोगांतून स्पष्ट झाले: औषधाचा एक डोस कर्करोगाच्या ठरावीक संख्येतील नव्हे, तर ठरावीक प्रमाणातील पेशी मारतो, म्हणून गाठ हाताला लागेनाशी झाली तरी लाखो पेशी शिल्लक असू शकतात.

मग रोज औषध का देत नाहीत? कारण ते रक्तपेशी तयार करणाऱ्या अस्थिमज्जेलाही मारते. सर्वसाधारणपणे दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्या पेशी तळ गाठतात आणि तिसऱ्या आठवड्यात सावरतात. ‘चॉप’ या चार औषधांच्या उपचारातील २१ दिवसांचे अंतर या सावरण्यावर बेतलेले आहे. या तळाच्या दिवसांत १००.४ अंश फॅरनहाइट ताप आला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे असते. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असलेच पाहिजे, असे मला कळकळीने वाटते.

१९७० मध्ये व्हिन्सेंट डेव्हिटा यांच्या गटाने हॉजकिन आजारासाठी (लिम्फोमाच्या एका प्रकारासाठी) ‘मॉप’ या चार औषधांचे निष्कर्ष मांडले. त्यात किमान सहा सायकली होत्या आणि आजार पूर्ण दिसेनासा झाल्यावर आणखी दोन देण्याचा नियम होता. म्हणजे सायकलींची संख्या तपासणीच्या निकालाशी जोडण्याचा विचार तेव्हाही होता. कमतरता होती ती नेमक्या तपासणीची. पुढे सीटी स्कॅनमध्ये उपचारानंतरही गाठीचा अवशेष दिसे, पण तो जिवंत आजार आहे की नुसता व्रण, हे सीटी सांगू शकत नसे.

ती उणीव पेट स्कॅनने बरीच भरून काढली. सहा तास उपाशी असलेल्या रुग्णाला किरणोत्सारी साखर टोचली जाते आणि ती शोषून घेणारा भाग उजळतो. २००९ मध्ये फ्रान्समधील दोव्हिल येथील बैठकीतून एक ते पाच गुणांची मोजपट्टी पुढे आली: उजेड यकृतापेक्षा जास्त नसेल, तर गुण तीनपर्यंत, म्हणजे उपचार लागू पडल्याची खूण; जास्त असेल, तर चार किंवा पाच, म्हणजे आजार शिल्लक असल्याची शंका. आपल्याकडे येथे फार जपावे लागते, कारण क्षयाच्या गाठीही तशाच उजळतात. म्हणून शंका असेल, तर उपचार बदलण्यापूर्वी बायोप्सी करणे हाच रास्त मार्ग ठरतो.

या मोजपट्टीमुळे उपचार वाढवण्याइतकेच कमी करण्याचेही धाडस आले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रॅथल’ चाचणीत, दोन सायकलींनंतर पेट स्वच्छ आलेल्या हॉजकिनच्या रुग्णांचे फुप्फुसांना घातक ठरू शकणारे ब्लिओमायसिन थांबवता आले. हॉजकिनखेरीजच्या लिम्फोमात, ‘चॉप’ला रिटुक्सिमॅब या प्रतिपिंड औषधाची जोड मिळालेल्या ‘आर-चॉप’च्या सुरुवातीच्या मोठ्या अभ्यासात आठ सायकली होत्या; पुढे सहा रूढ झाल्या, आणि २०१९ च्या ‘फ्लायर’ चाचणीने साठीच्या आतील, कमी धोक्याच्या रुग्णांना चार पुरतात, वर फक्त रिटुक्सिमॅबचे दोन डोस लागतात, असे दाखवले. प्रत्येक वाचलेल्या सायकलीमागे ‘चॉप’मधील लाल रंगाचे डॉक्सोरुबिसिन शरीराच्या दर चौरस मीटरमागे ५० मिलिग्रॅमने कमी होते, आणि या औषधाने हृदयाला होणारी इजा आयुष्यभराच्या एकूण मात्रेबरोबर वाढत जाते. पहिल्या डोसआधी टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) त्यासाठीच काढतात.

शेवटची केमो झाल्यावर लगेच पेट होत नाही. उपचाराने आलेली सूज ओसरावी, म्हणून शक्यतो सहा ते आठ आठवडे थांबतात, आणि आजार पूर्ण गेला की नाही, हे त्या स्कॅननंतरच फाइलवर लिहिले जाते.