ऱ्यूगेनवरील खडूचे कडे

ऱ्यूगेनवरील खडूचे कडे : जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीड्रिख (१७७४–१८४०) याचे स्वच्छंदतावादी संप्रदायातील प्रसिद्ध निसर्गचित्र. सु. ९०.५ × ७१ सेंमी. आकाराचे हे तैलचित्र स्वित्झर्लंडमधील व्हिंटरटूर येथील संग्रहालयात आहे. जानेवारी १८१८ मध्ये कारोलीन बोमर हिच्याशी विवाह झाल्यावर त्याच उन्हाळ्यात फ्रीड्रिख तिच्यासह बाल्टिक समुद्रातील ऱ्यूगेन बेटावर गेला होता. त्यावरून चित्राचा काळ सामान्यतः १८१८ किंवा त्याच्या लगतचा मानतात.

चित्रातील स्थळाबद्दल मतभेद आहेत. ते यास्मुंट द्वीपकल्पावरील श्टुबेनकामर परिसरातील असावे, याविषयी बहुतेकांचे एकमत आहे. मात्र व्हिसोव्हर क्लिंकन या सुळक्यांवरून ते रंगविले, ही लोकप्रिय समजूत टिकण्यासारखी नाही. खडूचा खडक मऊ असल्याने हा किनारा सतत ढासळतो. ते सुळके त्या रूपात फ्रीड्रिखच्या काळी नव्हते, पुढे झिजेतून घडले आणि फेब्रुवारी २००५ मध्ये त्यांचा मोठा भाग कोसळला. वेगवेगळ्या वेळी केलेल्या रेखाटनांतील घटक एकत्र आणून चित्र रचण्याची फ्रीड्रिखची पद्धत पाहता, एकच जागा शोधण्याचा आग्रह सोडणे अधिक सयुक्तिक वाटते.

चित्राचे खरे सामर्थ्य त्याच्या रचनेत आहे. छायेतील गवताळ कडा आणि दोन्ही बाजूंनी वर जुळणाऱ्या झाडांच्या फांद्या यांच्या चौकटीतून पांढरे, धारदार सुळके दिसतात. त्यांच्यामागे समुद्र क्षितिजाकडे सपाट पसरण्याऐवजी उभ्या पडद्यासारखा वर चढत जातो, त्यामुळे दरीची खोली आणि पाण्याचा विस्तार यांचा अनुभव एकाच वेळी येतो. त्यावरील दोन लहानशा शिडांमुळेच अंतराचा अंदाज बांधता येतो.

कड्यावर तीन व्यक्ती आहेत : लाल पोशाखातील स्त्री झुडपाचा आधार घेऊन खाली बोट दाखवते, मधला पुरुष टोपी व काठी बाजूला ठेवून काठाशी ओणवा झाला आहे, तर उजवीकडचा हाताची घडी घालून दूर समुद्राकडे पाहतो. स्त्री कारोलीन असावी, असे बहुधा मानले जाते. पुरुषांपैकी फ्रीड्रिख कोणता, याबद्दल मात्र एकवाक्यता नाही. पोशाखांच्या रंगांत प्रेम, श्रद्धा व आशा ही ख्रिस्ती मूल्ये पाहणारे विवेचनही प्रचलित आहे. तथापि स्त्री जिकडे बोट दाखवते ते प्रेक्षकाला दिसतच नाही आणि तिघांच्या नजरा तीन दिशांना जातात, हे लक्षात घेता ‘पाहणे’ हाच चित्राचा विषय ठरतो, हे मत अधिक ग्राह्य वाटते. याच दृश्याचे फ्रीड्रिखने केलेले एक जलरंगचित्र लाइप्सिक येथे असून त्यात मानवाकृती नाहीत.