'अ ग्विल'च्या मागचा अर्धशतकाचा झगडा

29 ऑक्टोबर 2013 रोजी वेल्समधल्या एस-फोर-सी या वेल्श भाषेतल्या वाहिनीवर 'अ ग्विल' ही पोलिसी मालिका सुरू झाली. वेल्सबाहेर ती 'हिंटरलँड' या नावाने ओळखली जाते. गतायुष्यातलं दुःख मनात कोंडून लंडनहून आलेला अधिकारी टॉम मथायस, इथल्या माणसांची नस ओळखणारी त्याची सहकारी मारेद रीस, पावसाने झोडपलेली डोंगरातली एकाकी शेतघरं आणि मध्यभागी अॅबरिस्टविथ हे किनाऱ्यावरचं छोटं विद्यापीठाचं गाव. पहिलंच प्रकरण डेव्हिल्स ब्रिजच्या दरीकाठच्या एका जुन्या अनाथालयापर्यंत जाऊन पोचतं.

मालिका गाजली तेव्हा तिची तुलना लगेच डॅनिश आणि स्वीडिश गुन्हेमालिकांशी झाली. त्यात तथ्य आहेच. 2011च्या सुरुवातीला बीबीसी फोरने एक डॅनिश मालिका सबटायटल्ससह दाखवली, ती लोकांनी उचलून धरली, आणि परक्या भाषेतली मालिका ब्रिटिश प्रेक्षक वाचत वाचत पाहतो हे सिद्ध झालं. पण हे कारण अर्धंच आहे. वेल्श भाषेत असं काही निघायचं तर आधी वेल्श वाहिनी हवी होती, आणि ती कुणी सुखासुखी दिलेली नाही.

1911च्या जनगणनेत वेल्समधले 43 टक्क्यांहून जास्त लोक वेल्श बोलत होते. 1961पर्यंत ते प्रमाण 26 टक्क्यांवर आलं. फेब्रुवारी 1962मध्ये सॉन्डर्स लुईस या नाटककाराने रेडिओवरून व्याख्यान दिलं आणि हीच गत राहिली तर एकविसाव्या शतकाच्या तोंडाशी ही भाषा संपेल असं बजावलं. त्याच वर्षी वेल्श भाषा सोसायटी स्थापन झाली. तिच्या पहिल्या आंदोलनाचं गाव होतं अॅबरिस्टविथ.

त्याची पूर्वपीठिका मोठी बोलकी आहे. या गावात एका तरुणाला सायकलवर डबलसीट नेल्याबद्दल पोलिसांनी पकडलं. समन्स इंग्रजीत होतं. ते त्याने घेतलं नाही आणि एक रात्र कोठडीत काढली. मग 2 फेब्रुवारी 1963 रोजी, कडाक्याच्या थंडीत, तरुणांनी गावातल्या पोस्ट ऑफिसवर वेल्श वापरण्याची मागणी करणारी पत्रकं चिकटवली. आपल्यालाही अटक व्हावी आणि वेल्शमध्ये समन्स मागता यावं हा हेतू. पोलिसांनी कुणाला धरलंच नाही. तेव्हा त्यांतले काही जण त्रेव्हेखन पुलावर गेले आणि रस्त्यात बसकण मारून त्यांनी वाहतूक अडवली. बरोबर पन्नास वर्षांनी त्याच गावातला पडद्यावरचा पोलीस अधिकारी वेल्शमध्ये जबाब नोंदवू लागला. मालिका पाहताना ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

दूरचित्रवाणीचा प्रश्न वेगळाच होता. 1970च्या दशकात वेल्श कार्यक्रम बीबीसी आणि एचटीव्ही या खासगी वाहिनीवर इंग्रजी कार्यक्रमांच्या फटीत, बहुतेकदा आडवेळी लागत. वेल्शभाषकांना ते अपुरे वाटत, तर फक्त इंग्रजी येणारे वैतागून अँटेना इंग्लंडमधल्या मनोऱ्यांकडे वळवत. त्यामुळे नवी चौथी वाहिनी वेल्समध्ये वेल्शसाठी द्यावी यावर दोन्ही बाजूंचं एकमत होऊ लागलं. 1974मध्ये सरकारने नेमलेल्या क्रॉफर्ड समितीने तीच शिफारस केली. 1979च्या निवडणुकीत काँझर्व्हेटिव्ह पक्षाने तसं वचनही दिलं, पण सत्तेत येऊन काही महिने होतात न होतात तोच गृहमंत्री विल्यम व्हाइटलॉ यांनी ते फिरवलं.

लोक खवळले. अनेकांनी टीव्ही परवान्याची फी भरायला नकार दिला. तीन प्रतिष्ठित विद्वानांनी पेनकॅरेगच्या प्रक्षेपण केंद्रात शिरून ते बंद पाडलं आणि निमूटपणे खटल्याला सामोरे गेले. मे 1980मध्ये प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाचे ज्येष्ठ नेते ग्विन्व्होर एव्हान्स यांनी जाहीर केलं, की वाहिनी मिळाली नाही तर ऑक्टोबरपासून आपण आमरण उपोषणाला बसू. वय 67. हा माणूस शब्द पाळणार, याविषयी त्यांच्या विरोधकांनाही शंका नव्हती. 17 सप्टेंबरला थॅचर सरकारने माघार घेतली. 1 नोव्हेंबर 1982 रोजी एस-फोर-सी सुरू झाली, इंग्लंडच्या चॅनल फोरच्या एक दिवस आधी.

वाहिनी मिळाली तरी प्रेक्षक पाच-सहा लाखच. एवढ्या बाजारात महागडी नाट्यमालिका परवडत नाही, आणि गुन्हेमालिका तर बाहेरच्या चित्रीकरणामुळे आणखी महाग. त्यावर निघालेला तोडगा म्हणजे तोच प्रसंग एकदा वेल्शमध्ये आणि लगेच इंग्रजीत चित्रित करायचा. 'अ ग्विल'च्या बऱ्याच आधी, 1990च्या दशकात, अभिनेते फिलिप मॅडॉक यांची 'अर हेलिउर' ही पोलिसी मालिका याच पद्धतीने बनली होती. इंग्रजीत तिचं नाव 'अ माइंड टू किल'. नव्या मालिकेच्या कौतुकात या जुन्या मालिकेचा उल्लेख फार कमी होतो, हे मला अन्यायाचं वाटतं.

एड टॉमस आणि एड टाल्व्हन यांच्या फिक्शन फॅक्टरी या निर्मितीसंस्थेने 'अ ग्विल'साठी हीच युक्ती घेतली. नटाला एकच राग, एकच रडणं दोन भाषांत, पाठोपाठ उभं करायचं. पाहुण्या कलाकारांसह सगळे दुभाषिक हवेत. इंग्रजी आवृत्ती परदेशात विकता येते आणि त्या पैशावर वेल्श आवृत्ती उभी राहते. डेन्मार्कच्या डीआर या सार्वजनिक वाहिनीने तर मालिका प्रक्षेपणाआधीच विकत घेतली. बीबीसीवर 2014मध्ये जी आवृत्ती लागली तीत मुख्यतः इंग्रजी आणि मधूनमधून वेल्श आहे. खऱ्या अॅबरिस्टविथच्या रस्त्यावर दोन्ही भाषा कानावर पडतात, म्हणजे वास्तवाच्या जवळची तीच म्हणावी लागेल. तरीही मी वेल्श आवृत्तीच्या बाजूने आहे. रिचर्ड हॅरिंग्टन या नटाने साकारलेला मथायस तीत अधिक मोकळा, अधिक घरचा वाटतो.

2016पर्यंत तीन पर्व झाली. नंतर 'ईन बोरे मेर्खेर' आणि 'क्राइथ' याच दुहेरी पद्धतीने आल्या. पण तोटाही दिसत होता. जगाच्या नजरेत इंग्रजी आवृत्तीच राहते आणि ज्या भाषेसाठी वाहिनी मागितली ती वेल्सच्या बाहेर ऐकूच जात नाही. म्हणून 2022ची 'दाल अ मेल्ट' महत्त्वाची. लंडन, कार्डिफ आणि उत्तर वेल्समध्ये फिरणारी ही टोळीची गोष्ट फक्त वेल्शमध्ये चित्रित झाली आणि पुढच्या वर्षी नेटफ्लिक्सने ती तशीच, सबटायटल्ससह, घेतली. संपूर्ण वेल्श मालिका तिथे जाण्याची ती पहिलीच वेळ.