केबल कापली, पण पॅकेज काही सुटलं नाही

अमेरिकेत केबल कापणाऱ्या, म्हणजे केबल टीव्हीचं कनेक्शन सोडणाऱ्या लोकांचा हिशोब सुरुवातीला एकदम सोपा होता. दोनशे चॅनेल घरात येतात, त्यातले पंधरा-वीस आपण बघतो, मग उरलेल्यांचे पैसे आपण का भरायचे? आणि हे नुसतं रडगाणं नव्हतं, टीव्ही कोण किती बघतं ते मोजणाऱ्या नील्सन कंपनीने २०१३ चा आकडाच दिला होता की सरासरी घरात १८९ चॅनेल येतात आणि लोक बघतात साधारण १७. मग लोकांनी केबल बंद केली, ॲप घेतली, आणि आता दहा-बारा वर्षांनी तीच माणसं विचारतायत की हे जे स्ट्रीमिंगवाले टीव्हीचं बंडल, म्हणजे एकत्र बांधलेलं पॅकेज, विकतात ते घेण्यात काही अर्थ आहे का. कारण त्या बंडलचं बिल केबलच्या बिलासारखंच दिसायला लागलंय. हे असं कसं झालं ते समजायचं असेल तर जरा मागे जावं लागतं, आणि मागे म्हणजे बरंच मागे.

केबल टीव्ही सुरू झाला तेव्हा त्यात चॅनेलचं पॅकेज वगैरे काही भानगडच नव्हती. १९४८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या महानॉय सिटीत जॉन वॉल्सन नावाचा दुकानदार टीव्ही विकायचा, पण गाव डोंगरात, सिग्नल यायचा नाही, मग टीव्ही घेणार कोण? तर त्याने डोंगरावर अँटेना लावला आणि तिथून वायर खाली आणली असं तो सांगायचा (पुरावे म्हणे आगीत जळाले, त्यामुळे पहिला कोण यावर वाद आहेच). त्याच वर्षी तिकडे ऑरेगॉनमधल्या अस्टोरियात एड पार्सन्सने हॉटेलच्या गच्चीवर अँटेना लावून सिॲटलचं स्टेशन पकडलं, कारण त्याच्या बायकोला टीव्ही हवा होता. म्हणजे केबल हा मुळात एक सामायिक अँटेना होता, चॅनेल फुकटच होती आणि पैसे वायरचे होते. त्यात १९४८ ते १९५२ एफसीसीने, म्हणजे रेडिओ-टीव्हीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, नवीन स्टेशनांना परवाने देणंच थांबवलेलं, त्यामुळे जिथे स्टेशन नाही तिथे वायरचा धंदा आपोआप वाढला.

चॅनेलचे वेगळे पैसे घेण्याची आयडिया खऱ्या अर्थाने एचबीओची. नोव्हेंबर १९७२ मध्ये विल्क्स-बॅरी गावात, परत पेनसिल्व्हेनियाच, पहिल्या रात्री ३६५ गिऱ्हाईकं. हा आकडा काही मोठा नव्हता, पण १९७५ मध्ये त्यांनी अली आणि फ्रेझरची मनिलातली बॉक्सिंगची फाइट सॅटेलाइटवरून दाखवली आणि सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला की एकदा सिग्नल आकाशात सोडला की तो देशातल्या कुठल्याही केबलवाल्याला उतरवून घेता येतो. पुढच्याच वर्षी टेड टर्नरने अटलांटाचं आपलं लोकल स्टेशन सॅटेलाइटवर चढवलं, मग १९७९ ला खेळाचं ईएसपीएन, १९८० ला सीएनएन, १९८१ ला एमटीव्ही.

आता इथे जी गोष्ट घडली ती आजपर्यंत आपल्या बिलात बसलेली आहे. ही नवी चॅनेल जाहिरातीतून कमवायचीच, शिवाय केबलवाल्याकडून दर घरामागे दर महिन्याला काही सेंट घ्यायला लागली, आणि घर म्हणजे ते चॅनेल बघणारं घर नव्हे हां, वायर जोडलेलं प्रत्येक घर. कराराचं कलमच असायचं की आमचं चॅनेल तुमच्या जवळपास सगळ्या गिऱ्हाईकांना मिळालं पाहिजे, त्याला वेगळ्या महागड्या पॅकेजमध्ये टाकायचं नाही. त्यामुळे खेळ न बघणाऱ्या आजीबाईसुद्धा ईएसपीएनचे पैसे भरत होत्या, आणि पुढे ती रक्कम महिन्याला ९ डॉलरच्या वर गेली, आजींना पत्ताच नाही.

मग आला १९९२ चा केबल कायदा. बिलं वाढली म्हणून लोक वैतागले होते, काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा केला, राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुश साहेबांनी व्हेटो केला आणि काँग्रेसने तो उलटवला, त्यांच्या अख्ख्या कारकिर्दीत उलटलेला हा एकमेव व्हेटो. कायदा आणला होता गिऱ्हाईकाचं बिल कमी करायला. पण त्यात एक कलम असं होतं की एबीसी, एनबीसी, सीबीएस, फॉक्सची स्टेशनं जी हवेत फुकट दिसतात, ती वायरवरून दाखवायची असतील तर केबलवाल्याने स्टेशनची परवानगी घ्यायची, आणि परवानगीच्या बदल्यात स्टेशन काहीतरी मागू शकतं. केबलवाले म्हणाले रोख पैसे देणार नाही. बरं, मग रोख नको, आमचं अजून एक चॅनेल घ्या! ईएसपीएन टू, एफएक्स, आणि एनबीसीचं अमेरिकाज टॉकिंग जे पुढे एमएसएनबीसी झालं, ही सगळी या सौद्यांतूनच वायरवर जागा मिळवून बसली. उसाबरोबर एरंडाला पाणी म्हणतात ना, त्यातलाच प्रकार, फक्त इथे एरंडाच्या पाण्याचंही बिल तुमच्याच नावावर. आणि नंतर तर स्टेशनं रोखही घ्यायला लागली, केबलच्या बिलावर ब्रॉडकास्ट टीव्ही फी म्हणून जी ओळ दिसते ती त्याचीच.

यावर लोकांनी आरडाओरडा केला नाही असं नाही. हवी ती चॅनेल सुटी द्या ही मागणी इतकी वाढली की एफसीसीने २००४ मध्ये अहवाल काढला, निष्कर्ष काय तर सुटं घेतलं तर बहुतेकांना महागच पडेल. २००६ मध्ये त्याच एफसीसीने नवीन अहवाल काढून सांगितलं की आधीचा हिशोब चुकला, सुटं स्वस्त पडू शकतं. २०१३ ला सिनेटर जॉन मॅकेन यांनी सुट्या चॅनेलसाठी विधेयक आणलं, ते तिथेच राहिलं. त्याच वर्षी केबलव्हिजन या केबल कंपनीने एमटीव्हीच्या मालकावर, व्हायाकॉमवर, केस केली की मोजकी चॅनेल हवी असतील तर कोणी न बघणारी आणखी १४ आमच्या गळ्यात मारतात. म्हणजे खुद्द केबलवालाच कोर्टात रडत होता की मला बंडल नको!

माझं स्वतःचं मत विचाराल तर मला एफसीसीचा पहिला, २००४ चा अहवाल जास्त पटतो आणि त्याचं कारण साधं आहे. समजा दोन घरं आहेत, एकाला खेळाचे दहा डॉलर द्यायला काही वाटत नाही आणि सिनेमाचे तीन, दुसऱ्याचं बरोब्बर उलटं. दोन्ही मिळून तेरा डॉलरला विकलं तर दोघंही घेतात. सुटं विकायचं म्हटलं तर खेळवाला आपलं चॅनेल तीन डॉलरला कशाला देईल, तो दहाच लावणार, मग प्रत्येकाला दहा डॉलरमध्ये एकच चॅनेल. आणि हे नुसतं कागदावरचं गणित नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ईएसपीएनने केबलशिवाय थेट विक्री सुरू केली, किंमत महिन्याला २९.९९ डॉलर. बंडलमध्ये जे दहाच्या आसपास होतं ते सुटं तिप्पट. आजीबाई पैसे भरायच्या थांबल्या की उरलेल्यांवर बोजा येतो, एवढंच.

असो, मधल्या काळात नेटफ्लिक्सने २००७ मध्ये स्ट्रीमिंग सुरू केलं आणि २०१० च्या शेवटी डीव्हीडीशिवायचा प्लॅन ७.९९ डॉलरला काढला. ही किंमत लोकांच्या डोक्यात जी बसली ती बसलीच. पण ती स्वस्ताई कशामुळे होती? स्टुडिओंना जुना माल विकून वरकमाई होत होती आणि खरा पैसा अजून केबलमधूनच येत होता, म्हणजे आपल्या त्या आठ डॉलरच्या मजेला शेजारचं केबलवालं घर टेकू देत होतं. टेकू गेल्यावर काय होणार हे तेव्हा कोणी विचारलं नाही, मीही नाही.

लाइव्ह चॅनेलसाठी एरिओ नावाच्या कंपनीने भारी डोकं लावलं होतं, प्रत्येक गिऱ्हाईकाला नखाएवढा एक वेगळा अँटेना आणि त्याचा सिग्नल इंटरनेटवरून. म्हणजे १९४८ ची आयडियाच की. जून २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने ती बंद पाडली. मग उरला एकच रस्ता, चॅनेलवाल्यांशी रीतसर करार करायचा आणि इंटरनेटवरून पॅकेज विकायचं. २०१५ मध्ये डिश या सॅटेलाइट टीव्ही कंपनीने स्लिंग टीव्ही आणला, २० डॉलर, त्यात ईएसपीएनसुद्धा. त्याच वर्षी सोनीचं प्लेस्टेशन व्ह्यू, २०१६ ला डायरेक्टीव्ही नाऊ, सुरुवातीच्या ऑफरमध्ये ३५ डॉलरला शंभरावर चॅनेल. २०१७ ला यूट्यूब टीव्ही ३५ ला आणि हुलूचं लाइव्ह ४० ला.

यूट्यूब टीव्हीच्या किमतीचा प्रवास बघा, सगळा मामला त्यात आहे. २०१८ ला टर्नरची चॅनेल आली, ४० डॉलर. २०१९ ला डिस्कव्हरीची आली, ५०. २०२० ला व्हायाकॉमची आली, ६५. मला एमटीव्ही नको होतं, तुम्हालाही नसेल, पण पर्याय दिला होता का कोणी? २०२३ ला ७३, २०२५ ला ८३. हुलू लाइव्ह तर २०२५ च्या ऑक्टोबरात ९० वर गेलं. सोनीने २०२० च्या जानेवारीतच दुकान बंद केलं. दुकान नवीन, पण माल त्याच चार-पाच घाऊक व्यापाऱ्यांकडून, त्याच अटींवर, मग भाव वेगळा राहणार कसा? सुरुवातीचा ३५ डॉलरचा भाव हा गिऱ्हाईक जमवायचा भाव होता, तो खरा कधी नव्हताच.

भांडणंसुद्धा तीच. २०२३ च्या ऑगस्टच्या शेवटी चार्टर ही केबल कंपनी आणि ईएसपीएन, एबीसीची मालक डिस्नी यांचं वाजलं आणि ऐन टेनिसच्या यूएस ओपनमध्ये चॅनेल गेली. २०२५ च्या ३० ऑक्टोबरला यूट्यूब टीव्ही आणि डिस्नीचं वाजलं, दोन आठवडे ईएसपीएन आणि एबीसी गायब, अमेरिकन फुटबॉलचा सीझन भर रंगात. यूट्यूब टीव्हीने २० डॉलरचं क्रेडिट दिलं. केबल होती तेव्हा क्रेडिट मागायला फोनवर पाऊण तास थांबावं लागायचं, ही एक सुधारणा मानायची तर माना.

आता बंडलचा दुसरा प्रकार, ज्याला लोक त्याच नावाने हाक मारतात पण जातकुळी वेगळी आहे, तो म्हणजे ॲपची मोट. नोव्हेंबर २०१९ मध्ये डिस्नीने डिस्नी प्लस, हुलू आणि ईएसपीएन प्लस मिळून १२.९९ ला दिलं. तेव्हा प्रत्येक स्टुडिओला स्वतःचं नेटफ्लिक्स व्हायचं होतं, नेटफ्लिक्सवरून फ्रेंड्स ही सिरीज काढून वॉर्नरच्या एचबीओ मॅक्सला नेली, द ऑफिस ही सिरीज एनबीसीवाल्यांच्या पीकॉक ॲपला नेली, पैसा पाण्यासारखा ओतला. २०२२ च्या पहिल्या तिमाहीत नेटफ्लिक्सचेच दोन लाख गिऱ्हाईक कमी झाले आणि सगळ्यांची झिंग उतरली. मग जाहिरातीवाले प्लॅन, पासवर्ड शेअरिंगवर बंदी, आणि एक नवीन डोकेदुखी, लोक एक सिरीज बघायला महिनाभर येतात आणि निघून जातात. त्यावरचा उपाय म्हणजे ही मोट. २०२४ मध्ये काल-परवापर्यंत एकमेकांचे गळे धरणारे डिस्नी आणि वॉर्नर एकत्र येऊन डिस्नी प्लस, हुलू, मॅक्स (म्हणजे तेच एचबीओ मॅक्स) १६.९९ ला विकू लागले, जाहिरातींसकट. त्याच वर्षी कॉमकास्टने आपल्या गिऱ्हाईकांना नेटफ्लिक्स, पीकॉक, ॲपल टीव्ही प्लस १५ डॉलरला दिलं. कॉमकास्ट म्हणजे देशातली बलाढ्य केबल कंपनी बरं का. आणि ही ॲप चालतात कुठल्या वायरवर? बऱ्याच घरांत त्याच कंपनीच्या इंटरनेटच्या वायरवर. कॉर्ड कापली म्हणतात, पण कॉर्ड तशीच भिंतीतून येतेय, फक्त डब्याचं भाडं गेलं.

या दोन प्रकारांतला फरक लक्षात ठेवला की घ्यावं की नाही याचं उत्तर बरंचसं आपोआप येतं. ॲपच्या मोटेत सूट खरी असते, कारण त्यांना तुम्ही टिकून राहायला हवे असता. पण तिन्ही ॲप तुम्ही तसंही वर्षभर घेतली असती तरच ती सूट, नाहीतर एक महिना हे, एक महिना ते असं फिरवत राहणं केव्हाही स्वस्त. लाइव्ह चॅनेलच्या पॅकेजमध्ये मात्र तुम्ही मुख्यतः खेळाचे पैसे भरत असता. एनएफएलने, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगने, २०२१ मध्ये ११ वर्षांचे जे करार केले ते मिळून शंभर अब्ज डॉलरच्या वर जातात, ते कुठून तरी वसूल होणारच. खेळ बघत असाल आणि तोही दोन-तीन प्रकारचा, तर ८३ डॉलर जड वाटले तरी सुटं घेऊन त्याहून फार खाली येत नाही, २०२५ च्या भावाने ईएसपीएन ३०, फॉक्स वन २०, वर पीकॉक, गुरुवारच्या मॅचला ॲमेझॉन, बेरीज करून बघा. खेळ बघत नसाल तर तुम्ही त्या आजीबाई आहात. नुसत्या खेळाचं वेगळं पॅकेज काढायचा प्रयत्न झाला होता, व्हेन्यू स्पोर्ट्स, डिस्नी, फॉक्स आणि वॉर्नर मिळून, ४२.९९ ला. इंटरनेटवरून चॅनेलचं पॅकेज विकणारी फुबो कंपनी कोर्टात गेली की आम्हाला तुम्ही अख्खं बंडल घ्यायला लावता आणि स्वतः मात्र सुटं विकता, ऑगस्ट २०२४ मध्ये कोर्टाने ते थांबवलं आणि जानेवारी २०२५ ला ते गुंडाळलं. डायरेक्टीव्हीने मग खेळाचं पॅकेज काढलं, ७० डॉलर.

केबलपेक्षा एक गोष्ट मात्र खरोखर चांगली आहे आणि तिचा फायदा लोक पुरेसा घेत नाहीत, करार नसतो. सीझन सुरू झाला की घ्या, संपला की बंद करा, सहा महिन्यांचे पाचशे डॉलर वाचतात. मी पहिल्या वर्षी बंद करायचं विसरलो होतो आणि जूनमध्ये बिल बघून कळलं, त्यामुळे आता सीझन सुरू होतो त्याच दिवशी फोनमध्ये रिमाइंडर टाकतो.

आणि लोकल स्टेशनांसाठी पॅकेज घेत असाल तर त्याआधी एफसीसीच्या साइटवर पत्ता टाकून बघा की तुमच्याकडे हवेतून काय काय पकडतं. जून २००९ पासून मोठी स्टेशनं डिजिटल आहेत, चित्र एचडी, एकदा अँटेना घेतला की महिन्याचं बिल शून्य, आणि एनएफएलच्या रविवारच्या बऱ्याच मॅच त्यावरच असतात. घर डोंगराआड असेल तर मात्र महानॉय सिटीवाल्यांना होता तोच प्रॉब्लेम तुम्हालाही येणार.