ऑपरेशन झाले, समता वाढली

'भारत जगातला चौथा सर्वाधिक समान देश' ही बातमी जुलै २०२५ मध्ये आली आणि व्हॉट्सअॅपवर भरपूर फिरली. आधार होता जागतिक बँकेचा आकडा: भारताचा गिनी निर्देशांक २५.५. पुढे फक्त स्लोव्हाकिया, स्लोव्हेनिया आणि बेलारूस. चीन ३५.७ वर, अमेरिका ४१.८ वर. आकडा खोटा नाही. तो नेमका कशाचा, हे मात्र बहुतेक ठिकाणी गाळले गेले.

ही गिनी सोन्याची गिन्नी नव्हे, आणि कापसाच्या जिनिंगशीही तिचे नाते नाही. कोर्राडो गिनी या इटालियन संख्याशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये हे माप मांडले. सगळ्यांकडे सारखेच असेल तर शून्य, सगळे एकाच घरात असेल तर शंभर. मधले आकडे कसे येतात हे वहीच्या एका पानावर करून बघता येते.

अमरावती जिल्ह्यातल्या एका गावातली पाच घरे घेऊ. आकडे हिशेबापुरते मानलेले, प्रत्येक घरात माणसे सारखीच. पहिले घर तीन एकर कोरडवाहू कापसाचे. एकरी पाच क्विंटल म्हणजे पंधरा क्विंटल, ७,००० भावाने १,०५,००० रुपये. बियाणे, खत, निंदण, डवरणी, फवारणी आणि किलोमागे दहा रुपये वेचाई धरून ७५,००० गेले. उरले ३०,०००, वर मजुरीचे ३०,०००. वर्षाचे ६० हजार. दुसरे घर भूमिहीन मजूर जोडप्याचे, ९० हजार. तिसरे विहिरीवरच्या संत्र्याच्या बागेचे, २५० हजार. चौथे शिक्षकाचे, ८०० हजार. पाचवे कृषी केंद्रवाल्याचे, १,३०० हजार. एकूण २,५०० हजार.

आता प्रत्येक दोन घरांतला फरक काढायचा. पाच घरांच्या दहा जोड्या होतात. सगळ्या फरकांची बेरीज ६,३८०. तिला घरांची संख्या गुणिले एकूण रक्कम, म्हणजे ५ × २,५०० = १२,५०० ने भागायचे. उत्तर ०.५१, म्हणजे गिनी ५१.

आता त्याच गावात कमाई न विचारता खर्च विचारू. मजुराचा खर्च १०० हजार. कापसवाल्याचा १३०, कारण किराणा, शाळा, मोबाईल, लाइट बिल यांना पीक बुडाले हे कळत नाही. बागवाल्याचा २००, शिक्षकाचा ३२०, कृषी केंद्रवाल्याचा ३५०. त्याची उरलेली साडेनऊ लाखांची कमाई प्लॉट, एफडी आणि सोन्यात गेली, आणि ती खर्चात मोजत नाहीत. एकूण १,१०० हजार, फरकांची बेरीज १,३८०, भागाकार ०.२५. गिनी २५.

गाव तेच, माणसे तीच, वर्षही तेच. एका मापाने ५१, दुसऱ्याने २५. भारताचा तो २५.५ हा आकडाही खर्चाचाच आहे.

खरी गंमत यापुढे आहे. कापसवाल्याने कमावले ६०, खर्चले १३०. मधले ७० हजार पीककर्ज, कृषी केंद्राची उधारी आणि बचत गट यांतून आले. समजा त्याच वर्षी घरात कोणाचे नागपूरला ऑपरेशन झाले आणि सावकाराकडून आणखी एक लाख उचलले. दवाखान्याचा खर्च सरकारच्या कौटुंबिक खर्च पाहणीत उपभोग म्हणूनच धरतात. त्याचा खर्च झाला २३० हजार, आणि तो कागदावर बागवाल्याच्याही पुढे गेला. पुन्हा मांडा: खालून १००, २००, २३०, ३२०, ३५०. एकूण १,२००, फरकांची बेरीज १,२४०, गिनी २१. घर कर्जात बुडाले आणि गाव चार अंकांनी 'अधिक समान' झाले. गणितात चूक कुठेच नाही.

म्हणून खर्चाचे माप टाकाऊ ठरत नाही. शेतकऱ्याला 'महिन्याला किती कमावता' विचारले तर त्याने काय सांगावे? कापूस तीन-चार वेच्यांत निघतो, पैसा दिवाळी ते संक्रांतीच्या आसपास येतो, घरच्यांच्या राबण्याची मजुरी कोणी धरत नाही. पण गेल्या सात दिवसांत तेल किती लागले हे घरची बाई चटकन सांगते. बोंडअळीने एक वर्ष नेले म्हणून कुटुंब कायमचे कंगाल ठरू नये, हेही खर्चाने साधते. त्यामुळेच दक्षिण आशिया आणि आफ्रिकेतले बहुतेक देश खर्च मोजतात. युरोप, अमेरिका आणि लॅटिन अमेरिका मात्र मुख्यतः उत्पन्न मोजतात. ही दोन मापे एका यादीत लावून क्रमांक काढणे म्हणजे क्विंटल आणि मण एकाच रकान्यात लिहून बेरीज मारणे. अशा क्रमवारीवरून देशाचे भविष्य सांगणाऱ्यांपेक्षा धान्य मांडून भाकीत करणारी भेंडवळची घटमांडणी बरी. तिथे निदान सगळ्यांना ठाऊक असते की धान्याचे दाणे रात्रीतून कसेही हलू शकतात.

जागतिक बँकेच्या त्याच टिपणात पुढचे वाक्य होते: माहितीच्या मर्यादांमुळे विषमता कमी दिसत असण्याची शक्यता आहे, आणि वर्ल्ड इनइक्वॅलिटी डेटाबेस या अभ्यासकांच्या आकडेसाठ्यानुसार भारताचा उत्पन्नाचा गिनी २००४ मधल्या ५२ वरून २०२३ मध्ये ६२ वर गेला. हे वाक्य फॉरवर्डमध्ये सापडत नाही. या ६२ लाही आयकराची आकडेवारी आणि बऱ्याच गृहीतकांचा टेकू आहे, त्यावरही अर्थतज्ज्ञांत जोरात वाद आहे. २५.५ मागच्या माहितीच्या मर्यादा कोणत्या? २०२२-२३ च्या पाहणीत २,६१,७४६ घरे होती, पण अतिश्रीमंत संख्येने इतके थोडे की नमुन्यात येत नाहीत, आले तर फाटक उघडत नाहीत. प्रश्नावलीही बदलली: ३४७ वस्तूंच्या ४०५ झाल्या, एका भेटीच्या तीन झाल्या. म्हणून २०११-१२ चा २८.८ आणि आताचा २५.५ शेजारी ठेवताना हात आखडता घ्यावा. खालच्या घरांचा खर्च वाढला हे मात्र खरे आहे, त्यात रेशनचाही वाटा आहे.

गिनीची आणखी एक खोड: तो प्रमाण बघतो, अंतर नाही. गावात सगळ्यांची कमाई दहा टक्क्यांनी वाढली तर मजुराला ९ हजार जास्त मिळतील, कृषी केंद्रवाल्याला १ लाख ३० हजार. गिनी ५१ च्या ५१. जग समान होते आहे की विषम, यावर अभ्यासक भांडतात त्यातले निम्मे भांडण इथेच आहे. एक गट गुणोत्तर मोजतो, दुसरा रुपये.

केंद्र सरकारने २०२५ मध्ये देशव्यापी कौटुंबिक उत्पन्न पाहणी जाहीर केली, सुरुवात फेब्रुवारी २०२६ मध्ये करायचे ठरले होते. असे प्रयत्न १९५० च्या दशकापासून झाले आणि मुख्यतः एकाच जागी अडले: लोकांनी सांगितलेले उत्पन्न त्यांच्याच खर्च आणि बचतीच्या बेरजेपेक्षा कमी भरले. आपल्या गावात कृषी केंद्रवाला १,३०० च्या जागी ४०० सांगेल, तर फरकांची बेरीज ३,५८० होईल, एकूण १,६००, आणि गिनी ४५. शिक्षकाचा पगार कागदावर असल्याने त्याला लपवता येणार नाही, म्हणून त्या वर्षी गावातला सर्वांत श्रीमंत माणूस तोच ठरेल.